मुदतीची सबब, अधिकाराचा आडोसा

कृष्णाकाठच्या गावातून नदीत मळी सोडल्याची तक्रार गेली, किंवा महामार्गाकडेच्या ओढ्यात रसायनाची पिंपं सापडल्याचा अर्ज गेला, की काही महिन्यांनी येणारं उत्तर बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असतं. 'सदर बाब या कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही', नाहीतर 'कार्यवाहीची मुदत उलटून गेली आहे'. अर्जदार जावक क्रमांक घातलेला तो कागद घडी करून ठेवतो आणि पुढच्या वेळी अर्ज करत नाही.

आता या उत्तराचाच सिद्धांत झाला आहे. शहाणीसुरती माणसं सांगतात की दोष कायद्याचाच आहे. मुदती आखूड, खटला भरण्याचा अधिकार मोजक्या अधिकाऱ्यांना, त्यामुळे कचरा टाकणाऱ्याविरुद्ध फौजदारी खटला उभाच राहत नाही. मग तो नाद सोडावा, दंड आकारावा आणि मोकळं व्हावं. कारखानदारांच्या संघटनांना हे पटतं, कारण त्यात तुरुंग नाही. अधिकाऱ्यांना पटतं, कारण त्यात कोर्टाचे हेलपाटे नाहीत. आणि दमलेल्या कार्यकर्त्यांनाही पटू लागलं आहे, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हे म्हणणं कायदा म्हणून चूक आहे आणि साताऱ्या-सांगलीतल्या अनुभवालाही धरून नाही. दोन्ही गोष्टी दाखवतो.

आधी मुदतीचं बघू. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 468, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514, एवढंच सांगतं: गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा असेल तर 6 महिन्यांत, एक वर्षापर्यंत कैद असेल तर 1 वर्षात, एक ते तीन वर्षं कैद असेल तर 3 वर्षांत फिर्याद न्यायालयात गेली पाहिजे. त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला या कलमात मुदतच नाही. आता पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 बघा. त्याच्या मूळ कलम 15 मध्ये 5 वर्षांपर्यंत कैद होती. 1974 च्या पाणी कायद्यात प्रवाहात विषारी किंवा प्रदूषक पदार्थ सोडण्याला, तसंच संमतीशिवाय सांडपाणी सोडण्याला 6 वर्षांपर्यंत कैद. म्हणजे नदी नासवणाऱ्यावर या दोन मुख्य कायद्यांखाली फिर्याद करायला मुदतीची आडकाठी अनेक दशकं नव्हतीच. त्या काळात ज्यांनी 'मुदत संपली' म्हणून फायली बंद केल्या, त्यांनी कोणत्या कलमाखाली बंद केल्या, हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

मग मुदत येते कुठून? ती येते कलम निवडणाऱ्याच्या लेखणीतून. ओढ्यात टँकर रिकामा होताना सापडला आणि ठाणे अंमलदाराने भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 278 लावलं, म्हणजे हवा दूषित करणं, तर शिक्षा जास्तीत जास्त 500 रुपये दंड आणि मुदत 6 महिने. कलम 277 लावलं, सार्वजनिक पाणी घाण करणं, तर 3 महिने कैद आणि मुदत एक वर्ष. नव्या भारतीय न्याय संहितेत आकडे थोडे वाढले, 279 खाली 6 महिने कैद आणि 5,000 रुपये दंड झाला, तरी मुदत वर्षाचीच. तोच टँकर, तोच ओढा, तीच मेलेली जनावरं. पण सोयीचं म्हणून लहान कलम लावलं की मुदतही लहान होते, आणि मोठं कलम लावायचं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला बोलवावं लागतं, नमुने घ्यावे लागतात. कायद्याने दिलेला वेळ अशा तऱ्हेने अधिकारीच कमी करून घेतात आणि वर्षभराने त्याच कमी झालेल्या वेळेकडे बोट दाखवतात.

मुदत मोजायला कधी सुरुवात होते, हेही सोयीस्कर विसरलं जातं. गुन्हा घडला त्या दिवसापासून, हे अर्धंच उत्तर झालं. गुन्हा घडल्याचं त्या दिवशी कुणाला ठाऊक नसेल तर तो बाधित व्यक्तीला किंवा पोलिसांना कळला त्या दिवसापासून, आणि गुन्हेगार कोण हे ठाऊक नसेल तर तो कळला त्या दिवसापासून, असं कायदाच म्हणतो. खंबाटकी घाटाच्या कडेला कुणी रात्रीत गोण्या ओतून गेला, तर ओतणारा कोण हे गोण्यांवर लिहिलेलं नसतं. सहा महिन्यांनी त्या गोण्यांतल्या चिठ्ठीवरून कारखाना सापडला, तर मुदत त्या दिवशी सुरू होते. शिवाय फिर्याद मुदतीत दाखल झाली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी दखल उशिरा घेतली, तरी फिर्याद बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2013 मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात हे पक्कं केलं आहे. नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो. आणि एवढं करूनही उशीर झालाच, तर तो समजावून सांगून माफ करून घेण्याची सोय जुन्या संहितेत कलम 473 मध्ये होती, नव्या संहितेत 519 मध्ये आहे.

सगळ्यात कामाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. कचरा टाकण्याची क्रिया एका रात्रीत संपते, हे खरं. पण टाकणाऱ्याला किंवा जागामालकाला 'अमुक तारखेपर्यंत हा कचरा उचला' असा लेखी आदेश अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने दिला, आणि तो पाळला गेला नाही, तर आदेश न पाळणं हा रोज नव्याने घडणारा गुन्हा ठरू शकतो. चालू गुन्ह्याला रोज नवी मुदत मिळते, हेही संहितेतच आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात निघालेला एक पानाचा आदेश पुढच्या तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराहून जास्त मोलाचा असतो. आपल्याकडे निघतं ते स्मरणपत्र. स्मरणपत्र न पाळणं हा कुठल्याच कायद्याखाली गुन्हा नाही.

मुदत खरंच कुठे बोचते, तेही सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 14 खाली वाद न्यायाधिकरणात न्यायचा तर कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून 6 महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी कलम 15 खाली 5 वर्षं. गावकरी हरतात ते पहिल्या मुदतीत. तक्रार केली, मंडळाचं उत्तर येईल म्हणून थांबले, जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनाला गेले, आमदारांचं पत्र जोडलं, आणि तोवर आठ महिने गेले. खात्याशी चाललेला पत्रव्यवहार न्यायाधिकरणाचं घड्याळ थांबवत नाही. हे त्यांना अर्ज घेणाऱ्या टेबलावर कुणी सांगत नाही. मुदतीबद्दल खरा राग धरायचा तर तो इथे धरावा. पुण्याच्या खंडपीठापर्यंत पोचायला वकील, भाडं आणि कागद जमवता जमवता ज्यांचा हंगाम जातो, त्यांना 6 महिने थोडेच आहेत.

आता अधिकाराचं. इथे विरोधी बाजूचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 19 नुसार न्यायालय दखल घेतं ते केंद्र सरकारच्या, अधिकृत केलेल्या प्राधिकरणाच्या किंवा अधिकाऱ्याच्या फिर्यादीवर, नाहीतर 60 दिवसांची नोटीस देऊन आलेल्या कुणाही नागरिकाच्या फिर्यादीवर. पाणी कायद्याचं कलम 49 तसंच. पोलिसांनी दोषारोपपत्र पाठवलं आणि अधिकृत अधिकाऱ्याची फिर्यादच नसेल, तर आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला अर्ज देतो आणि प्रकरण तिथेच संपतं. बरोबर आहे. पण या दोन्ही कलमांत 'कुणाही नागरिकाला' हा दरवाजा मुद्दाम ठेवलेला आहे, आणि पाणी कायद्यात तर अशा नागरिकाने मागितल्यावर मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यावेत असंही लिहिलं आहे. हा दरवाजा वापरल्याची उदाहरणं फार थोडी असतील, कारण तो आहे हे अर्ज स्वीकारणाऱ्या एकाही कार्यालयाच्या फलकावर लिहिलेलं नसतं.

आणि पोलिसांना काहीच करता येत नाही, हे तर साफ चूक. याचं उत्तर आपल्याच नदीपात्रात आहे. वाळू. कृष्णा, कोयना, येरळा, माण, या नद्यांमधल्या वाळूची चोरी रोखताना अगदी हाच प्रश्न आला होता. खाणकायद्याखाली फिर्याद फक्त अधिकृत अधिकाऱ्यानेच करायची, मग पोलिसांनी चोरीचा गुन्हा नोंदवावा की नाही? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिल्लीच्या संजय प्रकरणात आणि 2020 मध्ये मध्य प्रदेशातल्या जयंत प्रकरणात सांगितलं की चोरीचा गुन्हा वेगळा, खाणकायद्याचा वेगळा. पोलिसांनी पहिला नोंदवून तपास करावा, आणि दुसऱ्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याने फिर्याद द्यावी. हा न्याय कचऱ्यालाही लागू व्हायला काय हरकत आहे? पोलिसांनी न्याय संहितेखालचा गुन्हा नोंदवून टँकर ताब्यात घ्यावा, चालकाचा जबाब घ्यावा, आणि त्याच रात्री मंडळाच्या अधिकाऱ्याने पाणी कायद्याखालच्या फिर्यादीसाठी नमुना घ्यावा. दोघांना दोन कामं आहेत. 'तुम्ही आधी' म्हणत दोघेही बसतात, ही गोष्ट निराळी.

वाळूचं उदाहरण आणखी एका कारणासाठी देतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली तहसीलदाराला वाहन जप्त करता येतं, आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. म्हणून मध्यरात्री तलाठी आणि सर्कल रस्त्यावर उभे राहतात. त्यांच्यावर डंपर घालण्याचे प्रकार राज्यात झाले, मारहाणी झाल्या, तरी ते उभे राहतात. वाळूचा चोरटा धंदा संपला असं मी म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता गाडी अडवायची कुणी, हे त्या बाबतीत ठरलेलं आहे. रसायन भरलेल्या टँकरच्या बाबतीत ते ठरलेलं नाही. 6 जानेवारी 2022 ला सुरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरने नाल्यात रसायन सोडलं आणि सहा कामगार गुदमरून मेले. असा टँकर पुण्याहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर शिरवळ ते पेठ नाक्यादरम्यान एखाद्या ओढ्याशी थांबला, तर तो अडवणाऱ्याचं पदनाम काय, याचं उत्तर मला आजवर कुठल्या कार्यालयातून एका वाक्यात मिळालेलं नाही.

प्रांताधिकाऱ्यांचा अधिकार तर पूर्ण विस्मरणात गेला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 152. सार्वजनिक उपद्रव दिसला तर उपविभागीय दंडाधिकारी तो दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. त्यासाठी कुणाची फिर्याद नको, प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत थांबायला नको, आणि त्याला कलम 514 ची मुदतही नाही. 1980 मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी याच कलमाच्या आधारे नगरपालिकेला गटारं बांधायला लावलं, आणि 'आमच्याकडे पैसे नाहीत' ही सबब ऐकून घेतली नाही. कराड, मिरज, वाई, विटा, प्रत्येक ठिकाणी प्रांतांचं कार्यालय आहे. या कार्यालयांतून कलम 152 खाली निघालेले कचऱ्याबाबतचे आदेश शोधायचा प्रयत्न वाचकांनी माहितीच्या अधिकारात जरूर करावा.

आता नमुन्याकडे वळतो, कारण खटले पडतात ते तिथे. पाणी कायद्याचं कलम 21 नीट वाचलं तर कळतं की सांडपाण्याचा नमुना म्हणजे बाटलीत भरलेलं पाणी एवढंच नव्हे. अधिकाऱ्याने जागेवरच्या जबाबदार माणसाला 'या नमुन्याचं पृथक्करण करून घेणार आहे' अशी नोटीस तिथल्या तिथे द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांना खूण, दोन्हींना सील, दोन्हींवर दोघांच्या सह्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. दुसरा, त्या माणसाने मागणी केली तर, राज्य शासनाने ठरवलेल्या प्रयोगशाळेकडे. मालक मुद्दाम गायब झाला, तरी अधिकाऱ्याने एकट्याने सील आणि सही करून, तसं लिहून नमुना पाठवायचा, ही वाटही कायद्यात आहे. यातली एक पायरी चुकली की अहवालात कितीही भयंकर आकडे असोत, तो पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. हे सगळं करायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण तो वेळ नाल्यात पाणी वाहत असताना काढावा लागतो.

इथेच साताऱ्या-सांगलीची खरी दुखरी जागा आहे. महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा वाई, माहुली, कराड करत सांगली जिल्ह्यात उतरते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सातारचं उपप्रादेशिक कार्यालय पुणे प्रादेशिक कार्यालयाखाली आहे, सांगलीचं कोल्हापूरखाली. नदी एक, आणि वरचा काठ एका साहेबांना विचारतो, खालचा दुसऱ्यांना. कराडच्या खाली कुठे मासे तरंगताना दिसले तर पाणी कुठून आलं हे बघायला हद्दीच्या अलीकडचा अधिकारी पलीकडे जात नाही, आणि पलीकडच्याला कळेपर्यंत पाणी भिलवडी, औदुंबर मागे टाकून हरिपूरच्या संगमाकडे गेलेलं असतं. 2022 मध्ये सांगलीच्या परिसरात कृष्णेत माशांचा खच पडला आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेलं. न्यायाधिकरण चौकशी समिती नेमतं, समिती येते, पाहते. पण मासे मरताना नदीत जे पाणी होतं ते समितीला कुठून दिसणार? ते दिसलं असतं फक्त त्या पहाटे हजर असणाऱ्याला, आणि हजर असणाऱ्या कोतवाल-तलाठ्याच्या हातात सील नव्हतं.

सांगलीचा शेरीनाला तर मुदतीच्या युक्तिवादावरच उलटणारं उदाहरण आहे. शहराचं सांडपाणी या नाल्यातून कृष्णेत जातं हे दशकानुदशकं जाहीर आहे. ते उपसून, शुद्ध करून धुळगावच्या शेतीला देण्याची योजना झाली, तिच्यावर खर्च झाला, आणि तरीही नाला नदीला मिळत राहिल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. रोज सकाळी पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला मुदत कसली लावता? तिथे अडचण वेगळी आहे. शहरात रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार ज्या महापालिकेला, तीच इथे दुसऱ्या बाजूला उभी आहे. बेडग रस्ता आणि समडोळी रस्त्यावरचे कचऱ्याचे डेपो, साताऱ्याचा सोनगावचा डेपो, इथे आगी लागल्या की धुराने आजूबाजूच्या गावांना श्वास घेणं मुश्कील होतं. हरित न्यायाधिकरणाने 2016 च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड ठरवून दिला. सोनगावच्या शेतकऱ्याने पाचट पेटवलं तर त्याला नोटीस जाऊ शकते. डेपो पेटला तर नोटीस कुणी कुणाला द्यायची? स्थानिक स्वराज्य संस्थेविरुद्ध फिर्याद करण्याचा अधिकार मंडळाकडे आहे, तो वापरण्याची जबाबदारीही मंडळाचीच.

दंड आकारून मोकळं व्हा म्हणणाऱ्यांकडे आता येतो. जनविश्वास कायदा, 2023 ने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढली. 1 एप्रिल 2024 पासून कलम 15 खाली 10 हजार ते 15 लाख रुपये दंड, आणि उल्लंघन चालू राहिलं तर रोज 10 हजार. पाणी कायद्यातही 2024 मध्ये संसदेने त्याच धर्तीची दुरुस्ती केली. युक्तिवाद असा की कोर्टात वर्षानुवर्षं जाण्यापेक्षा निर्णय झटपट होईल. पण निर्णय देणारा अधिकारी कोण? राज्यात तो सचिव दर्जाच्या खालचा चालत नाही. अधिकार आधीच गावापासून लांब होता, तो आता मंत्रालयात गेला. शिराळ्याच्या ओढ्यात सोडलेल्या मळीची चौकशी मुंबईत बसून होणार, आणि तिथेही पहिला प्रश्न तोच येणार: नमुना कुणी घेतला, कसा घेतला, सह्या कुठे आहेत?

मुदतीचं तर या बदलात उलटंच झालं आहे, आणि याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पूर्वी मूळ गुन्ह्याला 5 वर्षांची कैद, म्हणून मुदत नव्हती. आता कैद उरली ती दंड न भरण्याबद्दल, 3 वर्षांपर्यंत. तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत. म्हणजे ज्या मुदतीच्या अडचणीचं रडगाणं गाऊन फौजदारी रस्ता सोडला, ती मुदत या कायद्यात नव्हती. ती सुधारणेनंतर आली. एखाद्या मोठ्या आसवनीला 15 लाख म्हणजे काय, याचा हिशोब ऊस घालणारा कुठलाही शेतकरी मला न विचारता करेल. मंडळाला 15 लाखांवर थांबायची गरजही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये लोधी प्रॉपर्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रदूषण मंडळं पाणी कायद्याच्या कलम 33अ आणि हवा कायद्याच्या 31अ खाली नुकसान भरून काढणारी रक्कमही वसूल करू शकतात. 33अ खाली वीज आणि पाणी तोडण्याचा, कारखाना बंद करण्याचा अधिकार तर पूर्वीपासूनच आहे. अधिकार नाही म्हणायला आता जागा कुठे आहे?

उद्योगांच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. मुदतीला अर्थ आहे. आठ वर्षांपूर्वी भाड्याने दिलेल्या टेम्पोतून कुणीतरी काहीतरी टाकलं म्हणून आज एखाद्या चालकाला कोर्टात ओढणं हा अन्याय आहे. साक्षीदार विसरलेले, कागद हरवलेले, आणि धमकी म्हणून फाईल कपाटात ठेवलेली. मुदतीशिवायचा कायदा अशा धमकीला मोकळं रान देतो. म्हणून 'मुदतच काढून टाका' ही कार्यकर्त्यांची मागणी मला मान्य नाही. 'प्रत्येक ग्रामसेवकाला खटल्याचा अधिकार द्या' हीही नाही; त्यातून हप्त्याचं आणखी एक टेबल तयार होईल.

शिवाय त्या टेबलावर सापडणार कोण, हेही आपल्याला ठाऊक आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसा टँकरचा चालक. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत प्रत्येक खेपेसोबत नमुना 10 चा कागद असतो, सात प्रतींचा, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पाठवणाऱ्याची, नेणाऱ्याची, रांजणगाव किंवा तळोजासारख्या विल्हेवाट केंद्रावर घेणाऱ्याची सही त्यावर. कागद नसेल तर खेप बेकायदा. कागद असेल आणि माल ओढ्यात असेल, तर पाठवणाऱ्याकडे परत आलेली प्रत कुठे आहे एवढं विचारायचं, म्हणजे चालकाला सोडून कारखान्यापर्यंत पोचता येतं. महामार्ग पोलिसांनी टँकर थांबवून हा कागद मागण्यात कसलाही किचकट कायदा नाही. मिरजेच्या इस्पितळांतून निघणाऱ्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्यांवर बारकोड लावायचा नियम आहे तो याचसाठी. उकिरड्यावर सापडलेली पिवळी पिशवी कुणाची, हे पिशवीनेच सांगावं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. अडवण्याचा, पंचनामा करण्याचा, फोटो आणि वेळ नोंदवण्याचा अधिकार गावपातळीवर भरपूर लोकांना असावा: तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, पाटबंधारे खात्याचा कालवा निरीक्षक. खटला भरण्याचा अधिकार थोड्यांकडेच राहावा, पण ते थोडे तालुक्यात असावेत आणि रात्री फोन उचलणारे असावेत. हे नवीन नाही. 2018 च्या प्लास्टिकबंदीत राज्याने आयुक्तांपासून तलाठी-ग्रामसेवकांपर्यंत लांबलचक यादी करून दुकानातल्या पिशवीसाठी अधिकार वाटले होते. भाजीवाल्या मावशींच्या टोपलीतली पिशवी पकडायला जे जमलं, ते टँकरसाठी का जमत नाही?

आमच्याकडे यंत्रणाच नाही, हे उत्तर या दोन जिल्ह्यांनी तरी देऊ नये. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात 2020 ला कराड पहिलं आलं, 2021 ला विटा, 2022 ला पाचगणी. सलग तीन वर्षं, तिन्ही शहरं सातारा आणि सांगलीतली. घंटागाडीच्या मागे धावणाऱ्या बायांनी, मुकादमांनी, मुख्याधिकाऱ्यांनी ते करून दाखवलं, कारण कुठल्या प्रभागाला कोण जबाबदार हे रोज सकाळी ठरलेलं होतं. शहराच्या हद्दीबाहेरच्या ओढ्याला असा माणूस कुणी नेमून दिलेला नाही.

पाणी कायद्याखाली कुठल्या अधिकाऱ्याने फिर्याद करायची हे कलम 49 नुसार मंडळ स्वतःच ठरवतं. त्यासाठी विधानसभेत जायला नको. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कलम 152 साठी विशेष अधिकार द्यायचे तर राज्य सरकारची अधिसूचना पुरते. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी गळीत हंगाम सुरू होण्याआधी एक यादी प्रसिद्ध करावी. प्रत्येक तालुक्यात गाडी कोण अडवणार, नमुना कोण घेणार, फिर्याद कुणाच्या सहीने जाणार, रात्री कुठला फोन लावायचा. तक्रारीची पोहोच देताना त्यावर कलम आणि मुदतीची शेवटची तारीख लिहून द्यावी, म्हणजे कुठल्या दिवशी काय हातचं जाणार हे अर्जदारालाही कळेल आणि साहेबांनाही. आणि कराडच्या खाली, जिथे पुण्याची हद्द संपून कोल्हापूरची सुरू होते, तिथे दोन्ही उपप्रादेशिक कार्यालयांना एकमेकांच्या हद्दीत जाऊन नमुना घेण्याचं लेखी अधिकारपत्र मंडळाने द्यावं. बॉयलर पेटायच्या आत हे कागद निघाले पाहिजेत.